बेवारशी माप

हो म्हणायचं आणि करायचं नाही, याचं जर कुठे शिक्षण मिळत असेल तर तिच्या लेकाने त्यात मोठी पदवी घेतली होती. नळ गळतोय, बघशील का? हो. कातडीवाल्याला निरोप दिलास का? हो, देतो ना. बायकोने काही सांगितलं तरी हो, आईने बरोबर त्याच्या उलट सांगितलं तरी हो. चाळिशी उलटलेला घोडा, पण तोंडातून 'नाही' कधी फुटलं नाही आणि हातून कबूल केलेलं काम कधी झालं नाही. लोक त्याला गरीब स्वभाव म्हणत. ती म्हणायची, "गरीब कसला? आळशी आहे. त्याला भांडायचासुद्धा कंटाळा."

म्हणून त्याने दुकानात कॉम्प्युटर आणला आणि खरोखरच कामाला बसला, तेव्हा तिला आनंदापेक्षा संशय जास्त आला.

दुकान मापाच्या बुटांचं होतं. एक पाय आखूड, बोटं वाकडी, टाच बाहेर आलेली, अशी तयार बूट न चालणारी माणसं तिच्याकडे यायची. पुढे काचेचं दार आणि लाकडी बाक, मागे कारखान्याची लांबट खोली. कातडं, खळ आणि मेण यांचा वास तिथल्या भिंतींत मुरला होता. वरच्या मजल्यावर घर. गिऱ्हाइकाला तपकिरी कागदावर उभं करायचं, पायाभोवती पेन्सिल फिरवायची, मग फीत लावायची, हे काम नवरा असल्यापासून तिचं. शाळा चौथीत सुटली होती, पण पाय वाचता यायचे. नुसत्या पेन्सिलीच्या रेघेवरून ती सांगायची, हा माणूस दिवसभर उभा असतो, ही बाई डाव्या बाजूने आजारी आहे. आणि तिचा एक नियम होता. रेघ पुरी झाली की आधी नाव लिहायचं. बिननावाचा कागद लगेच भट्टीत जायचा.

"पाय आहे आणि माणूस नाही," ती म्हणायची, "असलं काही माझ्या दुकानात ठेवायचं नाही."

पण त्या कागदांना कसर लागली. तीन फळ्यांवरच्या कागदांचा चुरा हाती आला, तेव्हा तिने नाइलाजाने लेकाच्या कॉम्प्युटरला होकार दिला.

"आई, बघ," तो म्हणाला. "डेटाबेस म्हणतात याला. यात काही लिहावं लागत नाही. नुसती चित्रं आहेत, ओढायची आणि ठेवायची."

"मग तुझ्यासाठीच केलेलं दिसतंय."

तो हसला. त्याने पडद्यावर एक चौकोन ओढून ठेवला. "हा गिऱ्हाइकांचा तक्ता." दुसरा ठेवला. "हा मापांचा." मग एका चौकोनावरून दुसऱ्यावर बोट फिरवल्यासारखी रेघ ओढली. "आणि हे त्यांचं नातं. एका गिऱ्हाइकाची कितीही मापं असतील, पण प्रत्येक मापाचा मालक एकच."

"आणि मालकच नसला तर?"

"ते आपण ठरवायचं. इथे खूण केली की मालकाशिवाय माप आत घेणारच नाही."

"कर खूण."

त्याने केली. तिचा विश्वास नव्हता. तिने त्याला एक खोटं माप भरायला लावलं, मालकाचा रकाना रिकामा ठेवून. लगेच तांबडी अक्षरं आली. माप घेता येत नाही, मालक सांगा.

"चांगलं आहे की," ती म्हणाली. "हे तरी नाही म्हणतंय."

मग त्याने 'पुढे' दाबलं, पुन्हा 'पुढे', आणि शेवटी 'पूर्ण'. घरातल्या तिघांची मापं सुरुवातीला भरली. एक नंबर तिचा, दोन नंबर लेकाचा, तीन नंबर सुनेचा. दुसऱ्या दिवसापासून जुने कागद चढवायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मापांच्या तक्त्यात चौथी ओळ होती.

डावा ७८. उजवा ७८. मालकाचा रकाना रिकामा.

"मिलीमीटर आहेत ना हे?" तिने विचारलं. "जेमतेम चार बोटं होतील. हा काय पाय झाला?"

"कचरा आहे काहीतरी. तपासताना राहिला असेल." त्याने ओळ पुसली.

"पण मालकाशिवाय घेत नाही म्हणालास."

"घेत नाहीच," तो म्हणाला, आणि केलेली खूण उघडून दाखवली. खूण जागच्या जागी होती.

तिसऱ्या दिवशी ओळ परत आली. दोन्ही पाय ११८. त्याने पुन्हा पुसली. चौथ्या दिवशी १३८. तिने सुनेला खाली बोलावून घेतलं.

"ही चेष्टा तुझी का?"

"मी कशाला त्या डबड्याला हात लावू?" सून म्हणाली. ही दुसरी सून, जपून बोलणारी. "मला तर ते चालूही करता येत नाही, सासूबाई."

तेही खरं होतं. त्या दिवशी तिने दुकान बंद करताना कॉम्प्युटरची वायर काढायला लावली, सगळं धूड कपाटात ठेवून घेतलं, कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली. सकाळी किल्ली कनवटीलाच होती. कुलूप तिने स्वतः उघडलं. लेकाने वायर जोडली, पडदा उजळला.

डावा १५४. उजवा १५०.

तिने फीत काढली आणि दोन्ही आकडे तिच्यावर धरून बघितले.

मग मागे गेली. खिडकीपाशी म्हातारा कारागीर मांडीवर बुटाचा तळ घेऊन टाके घालत बसला होता. तिच्या नवऱ्याच्या वेळचा माणूस, आता अर्धा बहिरा.

"लहान पोराचा पाय आहे," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "तीन वर्षांच्या आसपासचं पोर असेल. उजवा पाय किंचित आखूड."

"किती आखूड?"

"आता चार मिलीमीटर. वाढेल तसं तेही वाढेल."

कारागिराने दाभण खाली ठेवलं. "मोठेपणी दोन सूत, सहाएक मिलीमीटर, होईल," तो म्हणाला. "मालकांचा तसाच होता. आपल्या पोराचा तसाच आहे. मला काय विचारता, मालकीणबाई? तुम्हीच सांगा की."

तिने सांगितलं नाही. त्या घरात ती गोष्ट कुणी बोलत नसे.

साडेबारा वर्षांपूर्वी पहिली सून याच काचेच्या दारातून बाहेर गेली होती. पाचवा महिना होता. भांडण कशावरून झालं ते आता दोघींपैकी कुणालाही धड सांगता आलं नसतं, पण "इथे माझा शब्द चालतो, पटत नसेल तर रस्ता मोकळा आहे," हे वाक्य तिचंच होतं, त्यात तिला शंका नव्हती. पोरगी हट्टी निघाली. पिशवी भरून खाली आली. लेक दोघींच्या मधे उभा होता. आईने त्याला दार उघड म्हटलं, बायकोने बाजूला हो म्हटलं. त्याने दोन्ही केलं.

ती वाट बघत राहिली, की सून माफी मागायला येईल. महिना, वर्ष, मग मोजणं सोडलं. काय झालं, मुलगा की मुलगी, हे तिने विचारलं नाही. विचारणं म्हणजे खाली वाकणं, आणि ती फक्त पायाचं माप घ्यायला वाकायची.

आता मात्र ती रोज सकाळी चप्पल न घालताच खाली यायची. १६६. मग १७६. लेकाला तिने ओळ पुसू दिली नाही. दिवसाला वर्षभराची वाढ होत होती, बोटांवर हिशोब सोपा होता. अजून सहा-सात दिवसांत पाय बारा वर्षांचा होईल, म्हणजे आजचा. तिने म्हाताऱ्याला मऊ कातडं काढायला सांगितलं.

"कुणाच्या नावावर धरू?" त्याने विचारलं.

"तू काढ. नाव नंतर."

चाळीस वर्षांत असं ती पहिल्यांदाच म्हणाली होती. म्हाताऱ्याने मान खाली घातली आणि कातडं काढलं.

त्याच दुपारी तिने लेकाला समोर बसवलं. "तिच्या माहेरी जा. मी पाठवलंय म्हण. मी चुकले म्हण हवं तर. पोराला घेऊन ये, नाहीतर निदान बघून ये."

त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. मग तो म्हणाला, "हो."

तो गेला नाही.

१८६. १९५.

दहाव्या सकाळी डावा २०३. उजवा १९८.

अकराव्या सकाळी तेच.

बाराव्या सकाळीही तेच. तिने डोळे पुसून पुन्हा वाचलं. कॉम्प्युटर बंद करायला लावला, चालू करायला लावला. आकडे हलले नाहीत.

"अडकलंय का रे?"

"नाही, आई." त्याचा आवाज इतका हलका तिने बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. "आता नाही वाढणार ते. झालं. संपलं."

ती वळली.

"तुला कसं ठाऊक?"

मागच्या खोलीत म्हाताऱ्याची हातोडी दोनदा वाजली आणि थांबली.

ती पाय ओळखणारी बाई होती. आठ वर्षांच्या पोराचा पाय कुठल्याच कारणाने वाढायचा थांबत नाही. एक सोडून.

"कधी?" तिने विचारलं.

"चार वर्षं झाली. तिच्या भावाचा फोन आला होता. ताप आला म्हणाला. तीन दिवसांत..."

"गेलास?"

त्याने मान आडवी हलवली.

"मुलगा?"

"मुलगी."

"नाव काय होतं तिचं?"

तो पडद्याकडे बघत होता.

"नाव विचारतेय मी."

"विचारलं नाही," तो म्हणाला.

बाहेर बाकावर एक गिऱ्हाईक येऊन बसलं, काचेतून आत बघून पुन्हा उठून गेलं. तिने खुर्ची ओढली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या पडद्यासमोर बसली.

"मालकाच्या रकान्यात तुझा नंबर घाल."

"आई, त्याने काय होणार आहे?"

"घाल."

त्याने दोनचा आकडा दाबला. तांबडी अक्षरं आली. ती तिला सावकाश, एकेक अक्षर जोडत वाचावी लागली. या क्रमांकाचा माणूस नाही.

"असं कसं?" त्याने गिऱ्हाइकांचा तक्ता उघडला. दोन नंबरला त्याचं नाव होतं, पत्ता होता, फोन होता. त्याने पुन्हा दोन दाबलं.

या क्रमांकाचा माणूस नाही.

त्याने तिसऱ्यांदा दाबलं.

तिने त्याचा हात बाजूला केला, आपलं बोट पुढे केलं आणि स्वतःचा, एकचा आकडा दाबला.

माप जतन झालं. तिच्या नावापासून एक बारीक रेघ निघाली, खाली आली आणि त्या ओळीला चिकटली. शेजारी, जिचा पाय तिच्या नावाचा रकाना अजून रिकामा होता. त्यात एक उभी काडी उघडझाप करत होती, कुणी काही सांगेल याची वाट बघत.

ती उठली. लेकाच्या समोर उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"तिच्या आईला मी घालवलं. ते माझ्या माथ्यावर आहे, आणि मी मरेपर्यंत तिथेच राहील. मी वाईट बाई आहे, पण मी आहे. तू चार वर्षं ही गोष्ट पोटात ठेवून रोज माझ्या पुढ्यात जेवलास, आणि आज तिचं माप थांबलं तेव्हा तुला मोकळं वाटलं. तुला शिव्या द्याव्यात तर त्या घ्यायलाही समोर कुणी माणूस लागतं रे."