एकाच नाकपुडीचा वास

मास्क लावूनही डॉ. नाहिदला श्वास रोखावा लागला. झुंबरबाईच्या डाव्या नाकपुडीतून येणारा पू असा काही घाण मारत होता, की नाहिदच्या अंबडच्या दवाखान्यातले बाकीचे पेशंट केव्हाच बाहेर ओट्यावर जाऊन बसले होते. त्यात म्हातारीचा डावा डोळा सुजून आलेला. आज कारण सापडलं नाही तर डोळा जाणार, हे नाहिदला स्पष्ट दिसत होतं.

आठ महिने हे चाललं होतं. घनसावंगीला घरच्यांनी तिचं ताट गोठ्यात मांडलं होतं. शी! जितंजागतं माणूस जनावरांत जेवायला बसवायचं!

सोबत भाचा संपत होता, दातांचा डॉक्टर. जालन्याहून सीटी स्कॅनची फिल्म त्यानंच आणली होती. दोन्हीकडे पॉलिप आहेत, म्हणजे नाकात मांस वाढलंय, नुसता स्प्रे मारत राहा, असं त्यानं घरी सांगून ठेवलं होतं.

नाहिदनं फिल्म उजेडावर धरली. पॉलिप होते खरे, दोन्हीकडे. मग पू एकीकडूनच का?

"मावशी, स्कॅनच्या वेळी ही नाकातली चमकी काढली होती?"

"न्हाई. तिथल्या पोरानं लई सांगितलं. पर लग्नापासून निघाली न्हाई, ती आता कुठं निघती?"

नाहिदनं तिला तोंड उघडायला लावलं. डावीकडची वरची दाढ नव्हती.

"ही कुणी काढली?"

"संपतनंच, गेल्या साली. मधीच तुटल्ती. लई येळ खुडबुड करून राह्यल्ता."

संपत उठला. आत्याला मोठ्या दवाखान्यात नेतो म्हणत त्यानं फिल्मला हात घातला. नाहिदनं ती सोडली नाही.

"बसा. ही फिल्म यांची नाहीच. सोन्याची चमकी असली की सीटीत पांढऱ्या रेघा उठतात, इथं एकही नाही. आणि दाढा तर सगळ्या शाबूत आहेत. दाढेचं मूळ तुमच्या हातून तुटून वर गालाच्या हाडातल्या, नाकात उघडणाऱ्या पोकळीत गेलं, तिथं ते सडतंय. खऱ्या फिल्मवर ते दिसलं, म्हणून तुम्ही दुसऱ्याच पेशंटची आणून दिलीत."

तिनं फिल्मच्या कोपऱ्यातली नावाची चिठ्ठी नखानं सोलली. खाली भलतंच नाव होतं.

"माझा दवाखाना नवा होता, मॅडम," संपत पुटपुटला. "नाव खराब झालं असतं."

नाहिदनं नव्या स्कॅनसाठी जालन्याला फोन लावला, गाडी बोलावली.

झुंबरबाई भाच्याकडं बघत राहिली.

"मंग आठ म्हैने मी गोठ्यात जेवले, ते तुझ्यापायी व्हय रं?"

तिनं पदर नाकाला लावला आणि बाकावर त्याच्यापासून लांब सरकली.