दर खेपेला दहा किलोमीटर

"वडिलांनी गाडीची चावी मालकाच्या टेबलावर ठेवली, आणि तेव्हापासून ते घराबाहेर पडलेले नाहीत," सपना सुरवाडे म्हणाली. "त्यांना सगळ्यांसमोर चोर म्हटलं. मला नोकरी परत नको. तो शब्द परत घेतला गेला पाहिजे."

प्राची तायडेने खुर्ची पुढे ओढली. खाजगी तपासाचा धंदा करणारी जळगावातली पहिली बाई आपणच, असं ती मानत असे आणि संधी मिळेल तिथे सांगतही असे. शेजारी तिचे मदतनीस पितांबरभाऊ, निवृत्त हवालदार. माणूस सोन्यासारखा, फक्त डोक्यात उजेड पडायला जरा वेळ लागे.

सपनाचे वडील भिकाभाऊ सावद्याच्या जीवराम नानांच्या पिकअपवर ड्रायव्हर. केळी भरायची, धुळ्याला पोचवायची. खेपेला मीटर नेहमी एकशेचाळीस किलोमीटर दाखवायचं. गेल्या आठवड्यापासून दीडशे दाखवू लागलं. नानांच्या भाच्याने, तेजसने, ते हेरलं. भिका आडवाटेला गाडी घालून माल उतरवतो, असा निष्कर्ष मामा-भाचे दोघांनी काढून टाकला.

"भिकाभाऊ काय म्हणतात?"

"म्हणतात, गाडी रस्ता सोडून हातभर गेली नाही. जास्तीचं मीटरलाच विचारा."

"मग मीटरलाच विचारू," प्राची उठली.

सावद्याला जीवराम नाना तापलेलेच होते. "बाई, मानूस खोटं बोलतो, मीटर नही बोलत. दिवाळीले गाडीले नवे, कंपनीच्याच मापाचे मोठे टायर टाकून देल्हे मी. त्याची हे परतफेड!"

तेजस आपल्या जीपला टेकून उभा होता. कारभार नवा, त्यामुळे ऐट जास्त. "माझी जीप त्याच रस्त्याने एकशेतीसमध्ये पोचते. तरी मी दहाच किलोमीटर जास्त धरले. सवलत म्हणून."

"जीप जोरात पळते वाटतं?"

"छे! मर्यादा ऐंशीची, काटा तिच्या वर कधी जात नाही. तरी परवा हायवेच्या कॅमेऱ्याने दंड ठोकला. सगळा आंधळा कारभार."

जीपचे टायर चांगले रुबाबदार होते. प्रत्येकाच्या कडेला हळदीकुंकवाची ताजी बोटं.

"नवी गाडी?"

"दोन वर्षं झाली."

"देवभोळा पोरगा," पितांबरभाऊ कौतुकाने पुटपुटले.

नानांच्या परवानगीने पिकअप घेऊन दोघं धुळ्याला गेले. तिथे केळी उतरवून घेणारा झुलाल भेटला. पितांबरभाऊंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की आता बेडीच घालणार.

"भिकाभाऊनी गाडीमा माल कधीच कमी उना नही," झुलाल ठणकावून म्हणाला. "बठ्ठा माल बरोबर शे." मग पिकअपच्या मागच्या फाळक्यावर हात ठेवून हसला. "आते तं फाळका खाले लागस. उतारनं सोपं जास."

येताना प्राचीने हायवेवरचे दहा किलोमीटरचे दगड मोजले. पिकअपचं मीटर त्याहून पाऊण किलोमीटर पुढे गेलं. सावद्याला पोचल्यावर तिने तेजसची जीप मागून घेतली आणि तेच दहा दगड पुन्हा गाठले. जीपचं मीटर पाऊण किलोमीटर मागे राहिलं.

"दोन्ही मीटरं बिघडली," पितांबरभाऊ म्हणाले. "मिस्त्रीकडे टाकू. केस संपली."

"भाऊ, दोन घड्याळं बिघडली तर एक नेमकं तितकंच पुढे आणि दुसरं नेमकं तितकंच मागे पडेल का?"

पितांबरभाऊ विचारात पडले. ते बराच वेळ पडूनच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी केळी भरायच्या जागेवर सगळे जमले. सपना वडिलांना घेऊन आली होती. भिकाभाऊ ताठ उभे होते, पण नजर जमिनीवर होती.

"मीटर रस्ता मोजत नाही," प्राचीने सुरुवात केली. "ते चाकाचे फेरे मोजतं. एका फेऱ्याला इतका रस्ता, हे कंपनीने ठरवून दिलेलं असतं. बापाबरोबर चालणारं पोर त्याच रस्त्यावर जास्त पावलं टाकतं, तसं लहान चाकाला जास्त फेरे पडतात. मीटरला वाटतं, रस्ताच वाढला. मोठं चाक लावलं की उलट. मीटर कमी दाखवतं, वेगाचा काटाही कमी दाखवतो."

"मग कॅमेरा आंधळा नव्हता!" पितांबरभाऊंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "काटा ऐंशीवर, आणि जीप पंच्याऐंशीच्या पुढे!"

"शाबास. आता पाहा. पिकअपचा फाळका खाली आला, म्हणजे तिचे टायर लहान झाले. जीपचं मीटर मागे पडतं, म्हणजे तिचे मोठे झाले. रिम दोघींच्या सारख्याच. नाना, टायरवर माप छापलेलं असतं. तुम्ही दिवाळीला घेतलेलं माप कोणत्या गाडीवर आहे, वाचा."

नाना जीपजवळ वाकले. उठले तेव्हा चेहरा उतरला होता.

"नाना, तेजसने तुमच्याच घरात राहून तुमचेच टायर चोरून जीपला घातले, आणि जीपचे जुने पिकअपला. पण नवं टायर हळदीकुंकवाशिवाय रस्त्यावर काढायचं नाही, हे याच्या अंगात इतकं मुरलेलं, की चोरीच्या टायरचीही पूजा केली! वर मीटरचा हिशेब दाखवून स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला."

तेजस जीपपासून हळूच बाजूला सरकला.

"भिकाभाऊ, टायर बदललेले तुम्हाला दिसले नाहीत?" पितांबरभाऊंनी विचारलं.

"दिसले ना. तेजसभाऊ म्हने, नानानं सांगेल हाये. मालकाच्या घरातलं मी काय इचारू?"

नानांनी घसा खाकरला. "भिका, आत ये. चहा घेऊ, बोलू."

"आत नाही, नाना," सपना वडिलांच्या पुढे येऊन म्हणाली. "चोर म्हटलं ते इथे. सगळ्यांसमोर."

हमालांचे हात थांबले. नानांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पिकअपची चावी पुढे धरली.

"भिकाभाऊ, मी चुकलो. चोर माह्या घरात व्हता. तुमाले म्हटलं, तो शब्द मी वापस घेतो."

भिकाभाऊंनी मान वर केली. त्यांनी नानांना हात जोडले नाहीत, चावीकडेही पाहिलं नाही. जमलेल्या एकेका माणसाकडे नजर भिडवून पाहिलं, आणि सपनाच्या खांद्यावर हात ठेवला.

"आयका रे बठ्ठे," ते म्हणाले. "हे माही पोरगी."