नावाची मूठ

वैष्णवीने सोमेश्वरला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या तोंडात भाकरीचा घास होता. कॅमेरा बंद आहे अशी तिची खात्री होती. आणि समोर पडद्यावर लोकरीची टोपी घातलेला एक तरुण कौतुकाने तिच्याकडे बघत बसला होता!

"आवाज येतोय का?" त्याने विचारलं.

तिने नुसती मान हलवली. बोलायची सोयच नव्हती.

"जेवा, जेवा... ज्वारीची हाय ना? नुसती बघूनच बरं वाटलं."

तो हॉलंडात बियाण्यांवर संशोधन करणारा, ती माजलगावजवळच्या विद्यापीठात माजी विद्यार्थी कक्षात नोकरीला. विद्यापीठाला पन्नास वर्षं होत होती आणि जगभर पांगलेल्या जुन्या विद्यार्थ्यांना त्या दिवशी पडद्यावर एकत्र आणायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. नैरोबी, ओसाका, टोरांटो... सगळ्यांची जोडणी एकेकदा तपासून झाली. सोमेश्वरची मात्र रोज तपासावी लागायची. का, ते दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघंही इंटरनेटला नावं ठेवत होते.

"आजही पाऊस?" त्याच्यामागची ओली काच बघून ती विचारायची.

"इथं तो रोजच येतो. तुमच्यासारखा."

"मी येते? कॉल कोण करतं?"

"मीच... पर पहिल्या रिंगला उचलतं कोण?"

यावर तिला एकदम काहीतरी काम आठवायचं.

एकदा त्याने सांगितलं, तिकडे ज्वारी पाखरांच्या खाद्यात मिळते. सुट्टीच्या दिवशी बसून त्याने दाणे वेचले, दळले आणि भाकरी थापली. "नकाशा झाला नुसता. पर विद्यापीठाच्या मेसची लई आठवण आली. आई-बाप ऊसतोडीला गेले की आमच्या घराला कुलूप. दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मला त्या मेसनंच जेवू घातलं. ते फेडायचं म्हणलं तर कसं फेडावं, सांगा बरं?"

त्या मेसचीच एक रीत होती. विद्यापीठ सुरू झालं तेव्हा आजूबाजूच्या गावांनी घरटी मूठभर ज्वारी दिली होती, त्यावर पहिल्या वर्षीची मुलं जेवली. तेव्हापासून दर वर्धापनदिनाला जुने विद्यार्थी आपापल्या गावची मूठ आणून राशीवर टाकत आणि त्याच ज्वारीच्या भाकरी सगळे मिळून खात. जो येऊ शकत नाही, त्याच्या नावाची मूठ दुसरं कुणी टाकायचं, एवढं तिने ऐकलं होतं.

"यंदा माझी मूठ राहणार," सोमेश्वर शेवटच्या तपासणीला म्हणाला. "मला सुट्टी न्हाई, आन् आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय."

"मी टाकते की."

तो पडद्याजवळ सरकला.

"इचार करून सांगा," तो हळूच म्हणाला.

"मूठभर ज्वारीला कसला विचार?"

त्याने हसून टोपी पार डोळ्यांवर ओढली. ती परळीची, शिकलेली लातूरला, इथे येऊन वर्षही झालं नव्हतं. त्या हसण्याचा अर्थ तिला लागला नाही. तिच्या जिवाला वेगळाच घोर होता... उद्या कार्यक्रम संपला की तपासायचं काय? मग हा कशाला कॉल करेल?

दुसऱ्या दिवशी मंडप गच्च भरला. पडद्यावर देशोदेशीचे चेहरे, कुणाकडे सकाळ, कुणाकडे संध्याकाळ. पहिल्या तुकडीचे गहिनीनाथ सर माइक घेऊन राशीपाशी उभे होते. वैष्णवी मूठ घट्ट धरून पुढे झाली.

"सोमेश्वर, पाटोदा," ती म्हणाली.

"आन् तू त्याची कोण गं, बाळ?"

"मी... कक्षातली."

बायकांत खसखस पिकली. "अगं पोरी, नावाची मूठ घरचंच माणूस टाकतं!" कुणीतरी म्हणालं.

तिचे कान तापले. पडद्यावर सोमेश्वर जिवाच्या आकांताने काहीतरी बोलत होता, पण आवाज बंद! रोज आवाज तपासणारा माणूस नेमका आज मुका. मागे फिरावं तर त्याची मूठ राहते, टाकावी तर साऱ्या जगासमोर त्याच्या घरची व्हायचं... आणि तिला व्हायचंच होतं. हे तिला तिथे, राशीपुढे उभ्या-उभ्या कळलं. पण त्याचं काय?

तेवढ्यात गर्दीतून काठी टेकत एक बाई आल्या. "मी त्याची आई, सुभद्राबाई."

"काकू, तुम्हीच टाका. माझं चुकलं..."

सुभद्राबाईंनी पदराची गाठ सोडली आणि आपली ज्वारी वैष्णवीच्या ओंजळीत ओतली. "हा दुखरा गुडघा घिऊन एस्टीनं मूठ टाकाया न्हाई आले. काल फोनवर हा घटकाभर जिचं सांगत होता, तिला बघाया आले." मग पडद्याकडे वळून दरडावून म्हणाल्या, "पर हिला इचारलंस का रं?"

"...घरचीच हाय, सर! कवाचा सांगतोय!" आवाज एकदम फुटला. मंडप हसला, नैरोबी हसली, ओसाकाही हसलं.

सोमेश्वरने टोपी काढली. पहिल्यांदाच.

"वैष्णवी, तू टाकते म्हणलीस तवाच रीत सांगाया पायजे होती. तू न्हाई म्हणशील म्हणून भ्यालो. या जागेनं मला पोटभर दिलं, उपकार फिटायचे न्हाईत... आन् आज तिथंच उभं राहून आनखी मागतोय. होशील घरची?" तो थांबला. "आवाज... येतोय का?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हसूही.

"येतोय," ती म्हणाली. मग माइककडे वळली. "सोमेश्वर, पाटोदा. घरची टाकतेय, सर."

आणि तिने ओंजळ राशीवर रिकामी केली.