साहेबांची दाढी

सलूनातला गिझर चालू राहिला, एवढंच निमित्त.

माझा साडू सलून चालवतो. मागच्या जानेवारीतला दुसरा रविवार. रात्री जेवून आडवा झाला आणि आठवलं. मेव्हणी म्हणाली, "अहो, सकाळी बघा की." हा म्हणाला, "बिल तुझा बाप भरणार का?" तो माझाही सासरा, आणि जाऊन दहा वर्षं झाली. असो. पावणेबाराला निघाला.

हसू नका. हसायचं असेल तर घरी जा.

दारूपायी गेला तो नट तुम्हाला ठाऊक आहे. नट कसला, त्याचा शेवटचा फोटो ठाऊक आहे. लॉजची खोली, सुजलेलं तोंड, आठवड्याची दाढी. तीस वर्षं त्यानं थिएटरं भरवली आणि तुमच्या डोक्यात राहिली ती दाढी! साडूचं हेच दुखणं. शूटिंग इथं आलं होतं तेव्हा साहेबांची दाढी यानंच केलेली. कुणी तो फोटो मोबाईलवर काढला की अर्ध्या दाढीवर खुर्चीवरून उठवायचा. "माणसाला एवढं एकच तोंड होतं का रे?"

तर शटर उचललं. दिवा लावला.

खुर्चीत कुणीतरी बसलेलं. गळ्याशी फडकं बांधून.

"कर लवकर. सकाळी शूटिंग आहे. गुळगुळीत पाहिजे."

आवाज ओळखला. घाबरला नाही, उलट आनंदला. येडाच तो! त्याला वाटलं, एकदा हा चेहरा नीट केला की तो फोटो पुसला जाईल.

फेस लावला. उजवा गाल केला. डावा केला. टॉवेलनं पुसलं.

उजव्या गालावर खुंट.

"हे काय?"

"करतो साहेब."

पुन्हा केला. तोवर डावा काळा. ब्लेड बदललं. गाल केला की हनुवटी. हनुवटी केली की गाल. साडू घामानं भिजला, स्वतःलाच शिव्या घालू लागला.

"एवढंही जमत नाही तुला?"

"साहेब, मी तुमचा..."

"गाडी येईल माझी."

पुन्हा. पुन्हा. पाकिटातलं शेवटचं ब्लेड.

खुंट तसेच.

"असाच जाऊ का मी? लोकांसमोर... असाच?"

साडूनं तेच ब्लेड पुन्हा गालाला लावलं.

बाहेर हॉर्न वाजला. यानं मान वळवली. रस्ता रिकामा.

खुर्ची रिकामी.

काय म्हणालास? प्यायला असेल? थेंबाला शिवत नाही तो. बरं, स्वप्न म्हण. माझं काय जातंय.

पण साठीचा माणूस तो, रोज सकाळी स्वतःची दाढी करणारा. त्या रात्रीनंतर त्याला दाढी आली नाही. खुंटसुद्धा नाही. डॉक्टर झाले, मलमं झाली. काही नाही.

उद्या जा सलूनात. त्याच्या गालाला हात लावून बघा.

एरवी खेकसणारा माणूस. काही म्हणायचा नाही.