बुटक्या दांड्या

गुरुवारी सकाळी मयुरी नाचणगावच्या शाळेतल्या खोलीत शिरली आणि दारातच थबकली. जमिनीवर लाकडाचा भुसा... भुशात मांडी घालून बसलेला एक अनोळखी तरुण... आणि त्याच्या हातात करवत. मुलांना चालायला शिकवायच्या तिच्या दांड्यांचे पाय त्यानं चक्क कापून टाकले होते!

“हे काय केलंत तुम्ही?”

“दाराची कडी बसवाले आलतो मॅडम. म्हटलं, लेकरं येवढीशी आन् दांड्या त्यायच्या डोक्यावर — जराशा बुटक्या करून देऊ.” तो हसला. भुसा त्याच्या पापण्यांवरही होता.

मयुरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उशिरा उभ्या राहणाऱ्या, उशिरा चालणाऱ्या मुलांना व्यायाम द्यायला ती दर गुरुवारी सेवाग्रामहून येई. दोन समांतर लाकडी दांड्यांच्या मधे उभं राहून, दोन्ही हातांनी त्या धरून मुलं पाऊल टाकायला शिकत. सहा महिने अर्ज करून त्या मिळाल्या होत्या.

“माझ्याकडे दहा वर्षांचीही मुलं येतात! ती काय आता वाकून चालणार?”

त्याचं हसू मावळलं. अश्वजित त्याचं नाव, गावातलाच सुतार. “चूक झाली... मोठ्यायसाठी नव्या करून देतो.”

आठवड्यात करून दिल्या, आणि त्याही नेटक्या. वर आणखी वैताग म्हणजे, त्या बुटक्या दांड्या चार वर्षांच्या काजलला अगदी मापात बसल्या. मयुरीनं हे त्याला मुळीच सांगितलं नाही.

काम संपलं, पण माणूस काही संपेना. एका गुरुवारी, “स्क्रू ढिला झाला असंल.” दुसऱ्या गुरुवारी, “कोपरे गोल करून देतो.” त्याला पाहिलं की काजल व्यायाम सोडून टाळ्या पिटायची. मयुरी कातावून जायची. एकदा तो अर्धा तास उशिरा आला, तेव्हा तिनं चारदा दाराकडे पाहिलं... आणि मग दिवसभर स्वतःवरच चिडली.

आज तो पॉलिशपेपर घेऊन हजर! काजल बुटक्या दांड्या धरून उभी होती. महिनाभर ती नुसतीच उभी राही. पाऊल म्हणून उचलत नसे. शेजारी तिची आजी, कौशल्याबाई, बसल्या होत्या.

“आज काय राह्यलं?” राग आला की मयुरीचीही बोली बदलायची.

“कुसळ... लेकराच्या हाताले टोचलं तं—”

“एकही कुसळ नाई! मी सोता हात फिरवून पाह्यला. खरं सांगा, काऊन येता तुम्ही?”

“तुम्ही काऊन चिडता?”

“मी चिडत नाई!”

“मंग आत्ता हे काय करून राह्यल्या?”

“मयुरीबाई...” कौशल्याबाईंनी हाक मारली.

“एक मिनिट, आजी. आधी यांना—”

“अवं बाई, पोट्टी गेली नं पल्याड!”

दोघंही गर्रकन वळली. काजल दांड्यांच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. धापा टाकत, हसत.

“चार पावलं टाकली,” कौशल्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला. “मी सांगून राह्यली, पण तुमचं भांडण सरंल तवा नं!”

मयुरीनं धावत जाऊन काजलला कवेत घेतलं. मग तिला रडू आलं, आणि रागही. “महिनाभर वाट पाहिली मी! तुमच्यामुळे... माझं पाहायचंच राहून गेलं!”

“माह्यंही राह्यलं,” अश्वजित हळूच म्हणाला. “मी तं... तुमच्याचकडे पाहून राह्यलो होतो. दर गुरुवारी तेच होते. दांड्या कवाच्याच झाल्या मॅडम. तुम्ही मले आवडता... म्हणून येतो.”

कौशल्याबाई एकदम छताकडे पाहू लागल्या.

मयुरीचे कान तापले. “काजल, बेटा, पुन्हा एकदा चालून दाखव ना.”

“आता नाई,” काजल खालीच बसली. “आता बिस्कूट.”

मयुरीला रागातच हसू फुटलं.

“मंग... पुढच्या गुरुवारी येऊ?” अश्वजितनं विचारलं.

“या.” ती काजलच्या केसांवरून हात फिरवत राहिली, वर न पाहता. “पण दहालाच या. तुम्ही उशीर केलात की माझं सारखं दाराकडे लक्ष जातं... आणि मुलांचा व्यायाम बुडतो.”