सहावी फेरी

विभागाच्या वेबसाइटवर प्रत्येक प्राध्यापकाने आपले ‘अध्यापनाचे आणि संशोधनाचे विषय’ शुक्रवारपर्यंत नव्याने लिहून द्यावेत, असा निरोप विभागप्रमुखांनी तिसऱ्यांदा पाठवला होता. यशोधरा ओव्हाळने तो मळवली स्टेशनबाहेरच्या टपरीवर, चहा निवत असताना वाचला आणि फोन पालथा ठेवला. पुण्यातल्या एका कॉलेजात गुन्हेशास्त्राच्या एम.ए.च्या वर्गांना ती सव्वीस वर्षं शिकवत होती. इतकी वर्षं तिच्या नावापुढे एकच ओळ होती : प्रत्यक्षदर्शींची साक्ष, स्मरणशक्ती आणि बेपत्ता व्यक्ती. गौरवसारखे तरुण सहकारी सायबर फसवणुकीवर पेपर वाचायला दर वर्षी परदेशी जात. यशोधरा दर तीन वर्षांनी मळवलीला येई. आता गुडघे दुखत होते, निवृत्तीला दोन वर्षं होती, आणि त्या ओळीत नवं काय लिहायचं ते तिला सुचत नव्हतं.

प्रकरण अगदी छोटं होतं. दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी पावणेअकराच्या सुमाराला, जानू केदारी नावाचा बेचाळीस वर्षांचा माणूस घरातून निघाला. जवळच्या एका बंगल्याची तो देखभाल करायचा. बंगल्यातल्या पाण्याच्या मोटारीचा पट्टा तुटला होता, तो आणायला लोणावळ्याला जायचं होतं. घरापासून रेल्वेच्या फाटकापर्यंत भातखाचरांमधून जाणारा बांध तीनशे पावलांचा, सरळ. भात कधीच कापून झालेलं. वाटेत झाड नाही, विहीर नाही, ओढा नाही. सात माणसांनी जानूला बांधावर पाहिलं. बांधावरून उतरताना एकानेही पाहिलं नाही. पोलिसांनी खाचरं तुडवली, इंद्रायणीपर्यंत माणसं धाडली. जानू मिळाला नाही.

त्या सात जणांना यशोधरा पुढच्या वर्षी भेटली. जानूला शोधणं हे तिचं काम नव्हतं. माणसाची आठवण कशी बदलत जाते, एवढंच तिला बघायचं होतं. तीच माणसं, तेच प्रश्न, दर तीन वर्षांनी. जानूचा पांढरा शर्ट तिसऱ्या फेरीत निळा झाला. पाचव्या फेरीत त्याच्या हातात छत्री आली, ती फेब्रुवारीत. वर्गात हे सांगितलं की मुलं हसायची आणि साक्षीवर डोळे झाकून भरवसा ठेवू नये हे कायमचं लक्षात ठेवायची. ही सहावी फेरी. सातांतले तिघे मधल्या काळात वारले होते. चार उरले.

पहिला महिपती. त्या वेळी तो फाटकावर नोकरीला होता. आता चौऱ्याहत्तर वर्षांचा होऊन फाटकाजवळच्याच घरात राहत होता. अंगणात बसलं की कुठेतरी भाताच्या रोपांसाठी राब भाजल्याचा वास येत होता आणि एक्सप्रेस-वेची घरघर, जी इथे कधी थांबत नाही. यशोधराने रेकॉर्डर मधे ठेवला.

“जानू आला बांधावर,” महिपती म्हणाला. “सरळ चालत व्हता. मंग थांबला. त्या बाईशी बोलला.”

“कोणत्या बाईशी, भाऊ?”

“व्हती एक. खांद्याला पिशवी, डोळ्याला चष्मा.”

यशोधराने वहीत खूण केली. पंधरा वर्षांत ही बाई पहिल्यांदाच आली होती. शर्टाचा रंग बदलतो, छत्री येते, तशी बाई येते. “पुढे सांगा,” ती म्हणाली.

“फुडं काय. फाटक लावाय वळलो म्या. परत बघितलं तं कोनबी न्हाई.”

दुपारी ती लोणावळ्याला गेली. दुसरा साक्षीदार प्रदीप तिथल्या एका मोठ्या हॉटेलात वायरमन होता; जानू गेला त्या दिवशी तो बंगल्याच्या गच्चीवर दिव्याची वायर ओढत होता. जनरेटरच्या खोलीमागे, वाळत घातलेल्या चादरींच्या आड दोघं बसली. प्रदीपने नेहमीसारखं भरभर सांगायला सुरुवात केली आणि मधेच अडखळला.

“बांधावर बाई होत्या ना मॅडम. चष्मा होता त्यांना. खांद्याला पिशवी. जानूभाऊ त्यांच्याशी बोलत होते.”

“हे तुला कोणी सांगितलं का अलीकडे? महिपतीभाऊंनी?”

“त्यांच्याशी मी बोलत नाही. आमच्या बहिणीचं लग्न मोडलं त्यांच्या घरात, तेव्हापासून.” तो तिच्या पिशवीकडे बघत होता. बघतोय हे लक्षात आल्यावर त्याने मान वळवली. “मला काम आहे मॅडम. बाकीचं मागच्या वेळचंच धरा.”

लॉजवर परतल्यावर तिने पाय गरम पाण्यात सोडले आणि मानसीला फोन केला. मानसी तिची पीएच.डी.ची विद्यार्थिनी, हुशार, थोडी घाबरट. पहिल्या फेरीचं सगळं विभागाच्या कपाटात आहे, त्यात कुठे बाईचा उल्लेख आहे का ते बघ, असं यशोधराने तिला सांगितलं. कारण काय असणार ते यशोधराला ठाऊक होतं. मुलाखत घेणारा पुन्हापुन्हा येतो, समोर बसतो, त्याच प्रसंगाबद्दल विचारतो. हळूहळू तो त्या प्रसंगात जाऊन उभा राहतो. साक्षीदार खोटं बोलत नसतो. हे तिने दर वर्षी शिकवलं होतं. मळवलीतच त्याचा इतका सुबक दाखला मिळावा याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तिला फक्त झोपायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ती शालूबाईकडे पोचली. जानू गेला त्या दिवशी शालूबाई बांधालगतच्या नळावर धुणं धूत होती, सगळ्यांत जवळ. आता ती पडवीत बसून तांदूळ निवडत होती.

“मावशी, बांधावर जानूबरोबर कोणी होतं?”

“तुमीच की.”

यशोधराने वही मिटली. “मी पहिल्यांदा आले ती पुढच्या वर्षी, मावशी. जानू गेल्यावर.”

“आसंल,” शालूबाई म्हणाली. आवाजात वाद नव्हता. सुपातला एक खडा तिने बाजूला टाकला. “तुमी म्हंता तं आसंल.”

“मग मी तिथे कशी असेन?”

“त्ये मला काय ठावं? मी धुनं धूत व्हते. तुमी हुब्या व्हता.” आणि थोड्या वेळाने, तांदळावरची नजर न काढता, “तवा बारीक व्हता तुमी.”

यशोधराने रेकॉर्डर बंद केला. बाहेर येऊन ती समाजमंदिराच्या पायरीवर टेकली. शेजारच्या भिंतीवर ऊन चढत होतं. तिने तो मंगळवार आठवून पाहिला. मंगळवारी दहाला तिचा दुसऱ्या वर्षाचा तास असायचा. वर्ग आठवला, खिडकीतला गुलमोहर आठवला, पण तो कुठल्याही मंगळवारचा होता.

मानसीचा फोन आला.

“मॅडम, पहिल्या फेरीचा टाइप केलेला मजकूर वाचला. सातही जणांचा. बाई कुठेच नाही.”

“बरं झालं. मग उगाच—”

“पण मी रेकॉर्डिंगही ऐकलं.” मानसी हळू आवाजात म्हणाली. “त्यात आहे. जानूची बायको सोडून सगळे सांगतात, बांधावर बाई होती. सगळ्यांच्या आवाजात आहे. त्यानंतर दर वेळी तुमचा आवाज येतो. ‘पुढे सांगा.’ टाइप केलेल्या मजकुरात तेवढी वाक्यं नाहीत.”

“टाइप कोणी केलं होतं?” विचारताना उत्तर तिला माहीत होतं.

“प्रत्येकाच्या खाली तुमची सही आहे.”

यशोधराने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आणि मॅडम, महिपतीभाऊंच्या टेपच्या शेवटी... ते तुम्हाला चहाला थांबा म्हणतात. म्हणतात, ‘आज तरी बसा घटकाभर. त्या दिशी थांबला न्हाई.’ तुम्ही हसता.” पलीकडे कपाटाचं दार वाजलं. “मी या फाइली बंद करून ठेवू का?”

“ठेव,” यशोधरा म्हणाली.

शेवटचं घर शकुबाईचं, जानूच्या बायकोचं. बांध तिच्या दारातूनच सुरू होतो. त्या दिवशी तिने नवऱ्याला दारातून जाताना पाहिलं आणि पाठ वळवून चुलीकडे गेली, एवढीच तिची साक्ष. पाच फेऱ्यांत तिच्यात एका शब्दाचा फरक पडला नव्हता. लेक कोमल लग्न होऊन गेली होती. सोळा वर्षं शकुबाई एकटीने ते घर धरून बसली होती, कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. तो गेला असं कोणी तिला सांगितलं नव्हतं, आणि येईल असंही नाही.

काम आता बंद करतेय, पुन्हा त्रास द्यायला येणार नाही, एवढं सांगून निघायचं यशोधराने ठरवलं होतं. तिने रेकॉर्डर पिशवीतून काढलाच नाही.

शकुबाईने ऐकून घेतलं. पाण्याचा तांब्या पुढे सारला.

“मंग येक इचारू, म्याडम? पंधरा वरसं तुमीच इचारता.”

“विचारा.”

“त्ये काय म्हनले तुमाला?”

दारातून बांध दिसत होता. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताचे सड, राखेचे काळे चौकोन, लांब फाटकाचा पांढरा-तांबडा दांडा. यशोधराने मी तिथे नव्हते असं म्हणायला तोंड उघडलं. सव्वीस वर्षं ती ज्या स्वच्छ, मोजक्या भाषेत शिकवत आली त्या भाषेत ते वाक्य तयार होतं. ती फार दमली होती. त्या वाक्याने वर्ग गप्प झाले असते. ही बाई झाली नसती.

“त्यांची चप्पल तुटलीवती,” यशोधरा म्हणाली.

तिचं तिलाच कळलं, की ती इंदुरीचं, तिच्या मावळातल्या गावचं बोलतेय. लहानपणचं. हे बोलणं सुटून चाळीस वर्षं झाली होती.

“कंची?” शकुबाईने विचारलं.

“डावी. तारंनं बांधलीवती, ती तार पायाला लागत व्हती. हातात घेऊन चालले व्हते.”

चुलीवर काहीतरी रटरटत होतं, त्याचा आवाज मोठा वाटला.

“तार म्या बांधली,” ती सावकाश म्हणाली. “सकाळच्याला. घाईत नीट बसली न्हाई. पोलिसाला न्हाई सांगितलं. कोमलला न्हाई. सोळा वरसं त्येच डोसक्यात, की तार लागली आसंल.”

“लागत व्हती,” यशोधरा म्हणाली. “पन चिडले नव्हते. म्हनले, शकूनं बांधलीया, घरी गेल्यावर काढतो.”

शकुबाईने पदर तोंडाशी नेला. रडली नाही. सोळा वर्षं आवळून धरलेलं काहीतरी तिच्या खांद्यांतून उतरताना दिसलं, आणि क्षणभर यशोधराला बरं वाटलं. ही सगळी वर्षं तिने कोणाला काही दिलं असेल तर ते आत्ता.

“मंग?”

“मंग चाललो आमी.”

“कुटं?”

यशोधराला तो प्रश्न ऐकू आला. हात आपोआप उचलला गेला. फाटकाकडे नाही, नदीकडे नाही. सात जणांपैकी एकानेही कधी जिकडे बोट केलं नव्हतं तिकडे. बांधाच्या मधोमध, उघड्या खाचरात.

तिथे काही नव्हतं.

शकुबाईने बोटाच्या रोखाने बराच वेळ पाहिलं. चुलीतलं लाकूड बाहेर ओढून विझवलं. भाताचं पातेलं उतरवून झाकून ठेवलं. पायात चपला घातल्या.

“लांब हाय?”

“न्हाई,” यशोधरा म्हणाली. आपण हे का म्हणतोय ते तिला कळत नव्हतं. थांबायला हवं होतं. पाय दुखत नव्हते, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

“मंग चला.”

शकुबाईने दार नुसतं ओढून घेतलं. कडी लावली नाही.

दोघी बांधावर आल्या. ऊन स्वच्छ होतं. नळावर शालूबाईने हातातलं कापड पिळता पिळता वर पाहिलं आणि तशीच राहिली.

यशोधराने पिशवी खांद्यावर सारखी केली.

फाटकाजवळ महिपती गुरांसाठी पाण्याची बादली घेऊन निघाला होता. त्याने हाक मारली नाही. बादली खाली ठेवली, डोळ्यांवर हात धरला आणि एकेक गोष्ट नीट बघून घेऊ लागला : शकुबाईच्या लुगड्याचा रंग, दोघींच्या हातात काय आहे, कोण पुढे आणि कोण मागे.