राशीवरचे शिक्के

२०२३ सालची ही गोष्ट. मे महिन्यात शेतकरी बियाणं न्यायला आले, तेव्हा वेल्ह्याच्या भातगिरणीतली आंबेमोहोराची रास अर्ध्यावर आलेली दिसली. गावाने विश्वासाने ठेवलेलं बियाणं होतं ते.

गिरणीमालक आनंदराव भोर गावात राहणाऱ्या अश्विनी खुटवडकडे आले. ती खाजगी तपास करायची. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर रखमाजी तिच्या सोबतीला असत.

"चोर ठरलेला आहे," आनंदराव म्हणाले. "गोरख. कोठार तोच सांभाळायचा. शिमग्याला त्याला कामावरून काढला, जाण्याआधी त्याने हात मारला. तुम्ही फक्त पुरावा काढा."

कोठाराची किल्ली गोरखने जाताना त्यांच्या हातात दिली होती. ती त्यांनी मेहुण्याकडे, सोमनाथकडे सोपवली.

राशीला कोणी हात लावला तर कळावं म्हणून तिच्यावर लाकडी ठशाने राखेचे शिक्के मारायची तिकडे रीत. अश्विनीने कोठारात जाऊन पाहिलं, तर पिवळ्या भातावर काळे शिक्के शाबूत होते.

"म्या कुलूप उघडलंच न्हाई, ताई," सोमनाथ म्हणाला. "गोरख्याचंच शिक्के हायेत."

गिरणीमागे जळालेल्या तुसाची काळी राख साठली होती.

"सरळ आहे की," रखमाजी म्हणाले. "गोरखच."

गोरखच्या घरात तांदळाचा दाणा नव्हता. चोर म्हणून नाव झाल्यापासून त्याला कुणी मजुरीलाही बोलवत नव्हतं. सोमनाथ येऊन गेला होता. चोरी कबूल केलीस तर कामथडीच्या गोदामात कामाला लावतो, म्हणाला होता.

"मग?" अश्विनीने विचारलं.

"जे केलं न्हाई ते कबूल कसं हुयाचं?"

"लई ताठा," त्याची बायको रत्ना चुलीपासून बोलली. "पोरीची शाळा सुटली तरी न्हाईच म्हनायचं. माजी भांडी घासायची राख रोज डब्यात भरून गिरणीत न्यायचे. राशीला गोवरीची पांढरीच पायजे, तुसाची चालत न्हाई, म्हनं. कुनी किंमत केली का?"

अश्विनीने सगळ्यांना कोठारात बोलावलं.

"गोरख शिक्के पांढऱ्या राखेने मारायचा. चोरी करूनही त्याने तसेच मारले असते. राख त्याच्या डब्यात होतीच. हे काळे आहेत. म्हणजे तो गेल्यावर रास उपसली गेली आणि मागची तुसाची राख घेऊन कुणीतरी पुन्हा शिक्के मारले. त्याला रीत ठाऊक होती, राख ठाऊक नव्हती. आणि तेव्हा किल्ली एकाकडेच होती."

सोमनाथ भिंतीला टेकून खाली बसला.

 आनंदराव गोरखला म्हणाले, "माझ्या बहिणीचा संसार आहे. गावात बोलू नकोस. उद्यापासून कामावर ये."

"लोकं इचारतील, बी कुठं गेलं. खोटं सांगू व्हय, मालक?"

तो गेला. पुन्हा गिरणीत आला नाही.

मालकाने फिर्याद दिली नाही, त्यामुळे अश्विनीचा अहवाल तसाच पडून राहिला. गोरखने विचारेल त्याला खरं सांगितलं. पण गिरणी एकच, आणि भात सगळ्यांनाच भरडायचं, म्हणून कुणी त्याची बाजू घेतली नाही. आनंदराव आता अंथरुणावर आहेत, कारभार सोमनाथ बघतो. रखमाजी गेल्या साली वारले. रत्नाची पोरगी परत शाळेत गेली नाही. गोरख पुण्यात हमाली करतो. सणाला वेल्ह्याच्या स्टँडवर उतरला की लोक अजून त्याच्या पिशवीकडे बघतात.